वकिलावांचून घटस्फोट

कौंडण्यपूरच्या बाजूच्या एका सुशिक्षित घरांतून आलेला प्रश्न या महिन्यांत घेतला आहे. कन्या व जांवई दोघेंहि नोकरी करणारीं. दीड वर्षापासून वेगळीं राहतात. मोठें भांडण नाहीं, परंतु एकत्र नांदण्याची इच्छाहि उरलेली नाहीं. एक लहान मुलगी आहे. आजोबांचें मत असें कीं, मुद्रांक-कागदावर फारकत लिहून चार वडीलधाऱ्यांच्या सह्या घेतल्या म्हणजे घरची गोष्ट घरांतच मिटेल. कन्या म्हणते, न्यायालयांत जाऊं, पण वकील कशाला? अर्ज मीच लिहितें.

आजोबांचा मार्ग प्रथम बाजूस सारला पाहिजे. ज्या समाजांत काडीमोडीची रूढि सिद्ध करतां येते, त्यांच्यापुरती ती १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें राखली आहे. आपल्या घरांत तशी रूढि नाहीं. मुंबई इलाख्यानें १९४७ सालीं घटस्फोटाचा कायदा केला, पण वऱ्हाड तेव्हां मध्यप्रांताकडे असल्यामुळें येथील लेकींस तो उपयोगी पडला नाहीं. त्यांना आणखी आठ वर्षें वाट पाहावी लागली. तेव्हां आजोबांच्या कागदानें विवाह सुटत नाहीं. त्यावर विसंबून कोणीं दुसरें लग्न केलें तर तें लग्न शून्य ठरतें, आणि भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमान्वयें सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. लोक काय म्हणतील ही धास्ती मी समजूं शकतें. पण ज्या गांवची पालखी दर आषाढीस पंढरपुरास जाते, त्या गांवच्या लेकीचें देऊळ तेथें विठोबापासून वेगळें आहे. ती रुसून दिंडीरवनांत गेली अशी कथा आपणच मुलांना सांगतों, आणि माहेरच्या पालखीचा मान त्यामुळें तसूभरहि कमी झालेला नाहीं.

आतां कन्येचें म्हणणें. परस्परसंमतीचें कलम १३-ब हें १९७६ सालीं कायद्यांत आलें. वर्षभर वेगळें राहणें, एकत्र राहणें अशक्य होणें आणि दोघांची राजीखुशी, एवढें त्यास पुरतें. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनीं व अठरा महिन्यांच्या आंत पुन्हां दोघांनीं हजर व्हावयाचें. योग्य प्रसंगीं हे सहा महिने न्यायालय माफ करूं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें. शिवाय १९८४ च्या कायद्यानें कुटुंब-न्यायालयांत वकील उभा करण्याचा पक्षकारास हक्कच ठेवलेला नाहीं; न्यायाधीशांच्या अनुज्ञेनेंच तो येतो. म्हणजे माणसानें आपलें गाऱ्हाणें स्वतः सांगावें, हीच कायदा करणारांची अपेक्षा होती. कन्येचा विचार मुळींच वेडगळ नाहीं.

परंतु धोका अर्जांत नसतो, तो सोबतच्या अटींत असतो. “यापुढें मी कांहीं मागणार नाहीं,” हें वाक्य थकलेलें माणूस एका क्षणांत लिहून जातें. मुलीचें पोषण मात्र तिच्या आईच्या सहीनें सुटत नाहीं; तो हक्क मुलीचा आहे. घर दोघांच्या नांवें व कर्जहि दोघांच्या नांवें असेल, आणि “हप्ते पति भरील” असें अटींत लिहिलें, तरी बँक त्या कराराची पक्षकार नव्हे. हप्ते थांबले कीं ती पत्नीच्या दारीं येईल. स्त्रीधन सासरच्या कपाटांत, विम्यावर जुनेंच नांव, आजीला नात भेटणार कोणत्या वारीं, या गोष्टी घाईंत राहून जातात. हुकूम होईपर्यंत संमति मागें घेतां येते. परंतु कुटुंब-न्यायालयानें संमतीनें दिलेल्या हुकुमावर त्या कायद्यानें अपील ठेवलेलें नाहीं.

म्हणून माझा सल्ला असा कीं, हकीकत कन्येनें स्वतःच्या शब्दांत लिहावी, पण अटींचा मसुदा सहीपूर्वीं जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावा. रुक्मिणीनें पत्र स्वतःच लिहिलें, तरी तें पोंचविण्यास सुदेव निवडला होता! हा वकील तिचा एकटीचा असावा; काकांच्या ओळखीचा, दोन्हीं बाजूंनीं बोलणारा नको. खर्चाची सबब पुढें करूं नये. १९८७ च्या विधि सेवा कायद्यानें स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. ही सोय केवळ गरिबांची अशी आपल्या घरांतून समजूत आहे. ती चुकीची आहे. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज केला म्हणजे झालें.

मारहाण असेल, मिळकत लपविली जात असेल किंवा मुलीच्या ताब्याविषयीं वाद असेल, तर मात्र वकिलावांचून एक पाऊलहि टाकूं नये. या घरांत तसें कांहीं दिसत नाहीं.

आजोबांसहि एक काम उरतें. लग्नांत मुलीस काय काय घातलें त्याची यादी त्यांच्याच जुन्या वहींत सांपडण्याचा संभव आहे. ती त्यांनीं शोधून द्यावी.