माशांचं बिऱ्हाड हलवताना



वार्षिक परीक्षा संपली, की कितीतरी घरांत एक हट्ट सुरू होतो. 'आई, आता तरी माशांसाठी मोठी टाकी आणू या ना!' हट्ट पुरवला जातो. टाकी येते. काच चकचकीत पुसली जाते, रंगीत खडे पडतात, नळाचं ताजं पाणी भरलं जातं आणि जुन्या बरणीतले मासे त्याच संध्याकाळी धपकन नव्या घरात! सगळे खूश. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक मासा तरंगताना दिसतो, आठवड्याने दुसरा. 'आपल्याला मासे लाभत नाहीत,' असं म्हणत कुणीतरी टाकी माळ्यावर टाकतं.

मुलांनो, इथे लाभण्या-न लाभण्याचा काही संबंध नाही, बरं का! बहुतेक वेळा मासे मरतात ते आपल्या घाईमुळे. घाई न करता मासे कसे हलवावेत, हे ज्यांच्याकडून शिकावं अशी माणसं कुठे भेटतील, सांगू? धरणाच्या काठावर!

२०२४ मध्ये ज्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्या नगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यात मुळा धरण आहे. नगर शहराचं पिण्याचं पाणी इथूनच येतं. अशा धरणांमध्ये रोहू, कटला, मृगळ या माशांची पिल्लं सोडतात. अगदी चिमुकल्या पिल्लांना 'मत्स्यजिरे' म्हणतात आणि बोटाएवढी झाली की 'मत्स्यबोटुकली'. आहे की नाही गोड नाव?

ही पिल्लं प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतात. पिशवीत थोडंसं पाणी आणि उरलेल्या जागेत प्राणवायू भरलेला असतो. काठावर पोहोचल्यावर जाणता मच्छीमार पिशवी लगेच फोडत नाही. ती बंदच धरणाच्या पाण्यावर तरंगत ठेवतो. थोड्या वेळाने तोंड उघडून त्यात धरणाचं पाणी हळूहळू येऊ देतो. मग पिल्लं आपली आपण बाहेर पोहत जातात. हजारो पिल्लांसाठी माणसं थांबतात, तर चार गोल्डफिशसाठी आपल्याला तासभर काढता येणार नाही?

पण थांबायचं कशासाठी? आपलं शरीर बाहेर ऊन असो की थंडी, आतलं तापमान सारखं राखतं. माशाचं तसं नाही. पाणी जितकं गरम किंवा गार, साधारण तितकंच त्याचं अंग. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेलं तापलेलं पाणी आणि घरातल्या बरणीतलं गार पाणी यांत दोन्ही हातांची बोटं बुडवून पाहा. फरक आपल्याला नुसता जाणवतो, माशाला मात्र तो एकदम सोसावा लागतो.

दुसरं कारण क्षारांचं. बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर बसतो, तो पाहिला असेल ना? तेच हे क्षार. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांतून सारखं पाणी शिरत असतं आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकत असतो. ही त्याची जमाखर्चाची वही! समजा, बाबांची बदली झाली आणि बोअरच्या पाण्यातले मासे मुळा धरणाच्या पाण्यात आले. क्षार एकदम बदलले, की ही वही बिघडते. ती नव्याने जुळवायला त्याला वेळ लागतो.

तिसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या मलमूत्रातून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषारी असतो. जुन्या टाकीत काही उपयोगी जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच! मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते थोड्या प्रमाणात फारसं बाधत नाही. नव्या कोऱ्या टाकीत हे सफाई कामगार नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच पाणी स्वच्छ दिसतं, तरीही मासे मरतात.

आणि गंमत म्हणजे हे जिवाणू पाण्यात फार थोडे असतात. ते राहतात फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर. त्यामुळे नुसतं जुनं पाणी ओतून भागत नाही. जुना स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर क्लोरीनने आपले सफाई कामगारच मारले जातात!

आता पाहू या, बिऱ्हाड हलवायचं कसं.

१. नवी टाकी आधी जागेवर ठेवा, मगच भरा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५५ किलो! भरलेली टाकी उचलली तर तिचे सांधे सुटू शकतात. हे काम मोठ्यांचं.

२. नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढा. दुकानात 'अँटिक्लोरीन'चे थेंब मिळतात. बाटलीवर लिहिलंय तेवढेच घाला. किंवा पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवा.

३. जमल्यास महिनाभर आधी नवा फिल्टर जुन्या टाकीत चालू ठेवा. हलवण्याच्या दिवशी जुने खडे आणि न धुतलेला स्पंज ओले असतानाच नव्या टाकीत टाका. आतापर्यंत मासे फिल्टरशिवाय बरणीतच असतील, तर ज्याचे मासे ठणठणीत आहेत अशा मित्राकडून मूठभर खडे मागून आणा.

४. आदल्या दिवशी माशांना खाऊ घालू नका. वाटेतलं पाणी कमी घाण होतं.

५. वेळ सकाळची निवडा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मे महिन्यातली दुपार नकोच.

६. माशांची बंद पिशवी नव्या टाकीत १५ ते २० मिनिटं तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच-सात मिनिटांनी टाकीतलं कपभर पाणी पिशवीत घाला. पिशवीतलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं, की मासे अलगद जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी झाडांना घाला, टाकीत नको.

एक अपवाद लक्षात ठेवा. मुंबईहून किंवा पुण्याहून बरेच तास बंद पिशवीत आलेल्या माशांच्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो. पिशवी उघडली, की तो अधिक विषारी होतो. अशा वेळी पिशवी बंदच तरंगवा. तापमान सारखं झालं, की उघडून मासे पटकन जाळीने टाकीत घ्या.

पहिला दिवस दिवा बंद ठेवा आणि काचेवर टकटक करू नका. टाकीवर जाळीचं झाकण हवं, घाबरलेला मासा उडी मारतो! दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन मिनिटांत संपेल एवढाच खाऊ द्या. पहिले काही आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करताहेत? मग वाट पाहू नका, लगेच थोडं पाणी बदला आणि हवेचा पंप लावा. वीज गेली आणि पंप थांबला, तर भांड्याने टाकीतलंच पाणी वरून हळूहळू ओतत राहा.

आणि मासे नकोसे झाले तर? नदीत, विहिरीत, धरणात मुळीच सोडू नका. दुकानदाराला किंवा मित्राला द्या. टाकीतली काच चाटणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भीमा नदीवरच्या उजनी जलाशयात तो सापडू लागला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे तुम्ही आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचलं असेल. ते गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात खरे, पण तेही दक्षिण अमेरिकेतलेच. त्यांची जागा घराजवळच्या बंदिस्त टाक्यांत, वाहत्या नदीत नाही.

आईबाबांनाही एक सांगणं. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकत घेऊ नका. आधी टाकी, मग काही आठवड्यांनी दोन मासे, आणि ते ठीक राहिले की आणखी. मधल्या दिवसांत मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्या! वाट पाहायला शिकणं हाही मासे पाळण्यातलाच भाग आहे.

तर दोस्तांनो, एक वही करा. पाणी कधी बदललं, खाऊ किती दिला, कोणता मासा सुस्त दिसला, रोज दोन ओळी लिहा. महिन्याभरात तुमचे मासे त्या वहीतून तुमच्याशी बोलू लागतील. पाहा करून!