रस्त्याचे अंगण आणि गावदेवीचा मान

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या असतील, पंचांगपूजन होऊन कडुनिंबाचा प्रसादही वाटून झाला असेल. अशा मंगलदिनी आम्ही वाचकांस एखाद्या पुरातन क्षेत्राकडे न नेता पनवेलच्या शेजारच्या कामोठे या वसाहतीकडे नेत आहोत, याचे काहींस नवल वाटेल. ज्या रायगड जिल्ह्यात कामोठे वसले आहे, त्याच जिल्ह्यात महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर आहेत. कामोठ्यास तसे कोणतेही माहात्म्य नाही. उंच इमारती, दुकानांच्या ओळी, क्रमांक दिलेले विभाग आणि सकाळी मानसरोवर स्थानकाकडे धावणारा नोकरदार, एवढेच त्याचे प्रथमदर्शनी रूप. तथापि आमच्या धर्माचरणातील एका जुन्या गोष्टीचे पुढे काय व्हायचे, हे ठरण्याचे स्थळ आता असल्या वसाहतीच आहेत, असे आमचे मत आहे. ती गोष्ट म्हणजे अंगण.

अंगणावाचून आपला एकही सण पुरा होत नसे. पहाटे सडा, संमार्जन, मग रांगोळी. देवघरातील पूजा त्यानंतरची. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत तांदूळ आणि फुले यांच्या रचनेची कला आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त धूलिचित्रांचा उल्लेख आढळतो. चैत्रात तर अंगणाचे स्वतंत्र व्रतच असे. झोपाळ्यात बसलेली गौर, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, कासव, नाग, गोपद्मे, लक्ष्मीची पावले, फणी, करंडा अशी चिन्हे रेखून चैत्रांगण घालीत आणि चैत्रगौर बसल्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ते दररोज नव्याने काढीत. आमच्या वाचकांपैकी वयस्क भगिनींच्या बोटांस ते आजही ठाऊक असेल. प्रश्न एवढाच, की ते काढावे कोठे? चौथ्या मजल्यावरील दारासमोर दोन लाद्यांची जागा, तीतही शेजाऱ्यांच्या चपला. मग लक्ष्मीची पावले चिकटपट्टीच्या कागदावर छापून मिळतात. ती एकदा उंबऱ्यावर चिकटवली की वर्षभर पाहावे लागत नाही. सोय उत्तम आहे; परंतु रोज पुसून रोज काढण्यात जे होते, ते त्या कागदात नाही.

अंगण असे हरवले असता लोकांनी आपणहून दुसरे शोधून काढले, याचे आम्हांस मनापासून कौतुक वाटते. पाडव्याची आदली रात्र म्हणजे फाल्गुनातील अमावास्या. त्या रात्री नवी मुंबईच्या कोणत्याही वसाहतीत फिरून पाहावे. चौकातील वाहने वळवलेली असतात, रस्ता झाडून पाणी मारलेला असतो, आणि दोरी व खडू यांनी आखलेल्या भल्यामोठ्या वर्तुळाभोवती स्त्रिया, मुली आणि अलीकडे काही तरुणही ओणवे होऊन रंग सोडीत असतात. चिमटीच्या बारीक रेषेऐवजी मुठीतून, बोटांच्या फटींतून सुटणारी ही मोठ्या घाटाची रांगोळी. १९८१ साली स्थापन झालेल्या संस्कार भारतीने ती महाराष्ट्रात रूढ केली. पुढे १९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने नववर्षाची स्वागतयात्रा काढली आणि पाहता पाहता ठाण्यापासून पनवेलपर्यंत गावोगाव तशा यात्रा निघू लागल्या. लेझीम, ढोल, पालखी, नऊवारी नेसून आलेल्या मुली, आणि त्यांच्या पायांखाली रात्रभर जागून काढलेली रांगोळी. दुपारपर्यंत ती चाकांखाली जाते. जावीच. रांगोळी टिकवण्यासाठी नसतेच.

येथवर सर्व शुभ आहे. परंतु एक प्रश्न आमच्या मनात येतो, आणि सणाच्या दिवशी तो विचारण्याचा संकोच आम्ही बाजूस ठेवीत आहोत. ज्या डांबरावर ही रांगोळी उमटते, त्याखाली काय आहे?

त्याखाली भाताची शेते आहेत. पनवेलच्या खाडीलगतची ही सारी भूमी खाजणाची. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचे, पावसाचे गोडे पाणी साठवायचे, जादा पाणी उघाडीतून ओहोटीबरोबर सोडून द्यायचे आणि अशा रीतीने समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीत भात पिकवायचे; किंवा उलट खारे पाणीच कोंडून मीठ काढायचे. या आगरांवरून आगरी समाजाचे नाव पडले असे मानतात. बांध फुटला की सारे गाव रात्री कुदळी-फावडी घेऊन धावे, कारण एकाच्या शेतात शिरलेले खारे पाणी दुसऱ्याच्या शेताशी थांबत नसे. आणि येथे एक गंमत सांगितली पाहिजे. कोकणात पांढरी रांगोळी बहुधा दगडाची नसे. भाताच्या तुसाची जाळून केलेली राख हीच रांगोळी. म्हणजे ज्या शेतातील अन्न पोटात जाई, त्याच शेताचे तूस उंबऱ्यापुढे गोपद्म होऊन उतरे.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात, नवी मुंबई उभारण्याचे काम तिच्याकडे आले. मुंबईवरील भार हलका व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण ज्यांची शेते गेली, त्यांच्या वाट्याला आलेला मोबदला तुटपुंजा होता, आणि त्यासाठी जो लढा झाला त्याचा इतिहास आज कामोठ्यात गुढी उभारणाऱ्या कित्येक घरांना माहीत नाही. जानेवारी १९८४ च्या १६ आणि १७ तारखांस उरण तालुक्यात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्यास परत देण्याची योजना ही त्या बलिदानाची फलश्रुती होय. कामोठ्यातील कित्येक इमारती अशाच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. ज्यांनी तेथे घर घेऊन वास्तुशांत केली, त्यांनी वास्तुपुरुषाला नैवेद्य दाखवला. त्या जमिनीच्या पूर्वीच्या धन्याचे नाव मात्र बहुधा विचारले नाही. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. विचारावे कसे आणि कोणाला, हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही.

शेताशेताला नाव असते. बांधाला असते, उघाडीला असते, वाटेवरच्या चिंचेलाही असते. विभागांना क्रमांक पडले तेव्हा ही नावे एकाएकी निरुपयोगी झाली. पोस्टमनला क्रमांक पुरतो, हे खरे. खांदेश्वर स्थानकाने शिवमंदिराचे नाव तरी राखले. शेजारच्या स्थानकास कैलासाच्या पायथ्याचे मानसरोवर आणून ठेवले आहे. नाव पवित्र आहे, त्याविषयी आमची तक्रार असण्याचे कारण नाही. पण ते येथल्या मातीतून आलेले नाही. या मातीतली नावे गावठाणातील वृद्धांच्या तोंडी उरली आहेत आणि त्यांच्याबरोबर ती जाणार आहेत.

गावठाण मात्र अजून आहे. विभागांच्या मधोमध अरुंद गल्ल्यांचा, एकमेकांस टेकलेल्या घरांचा एक पुंजका दिसतो. नव्या रहिवाशाला ती अडचण वाटते. वस्तुतः मूळ यजमानाचे घर तेच. तेथे गावदेवी आहे. मुंबईपासून अलिबागेपर्यंत कोणत्याही आगरी-कोळी गावात जा, गावदेवीस विचारल्यावाचून लग्नाचा मांडव पडत नाही. त्या लग्नांत मंत्रांच्या जोडीने धवले गाणारी धवलारीण असते. गाण्यातूनच ती विधी चालवते. लग्नघरी तांदळाच्या पिठाने चौक मांडला जातो. कागदावर छापलेल्या पुस्तकातून हे ज्ञान येत नाही. ते सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे येते. आज चौकात मोठ्या घाटाची रांगोळी घालणाऱ्या भगिनींपासून पाचशे पावलांवर तांदळाच्या पिठाचा चौक जाणणारी एखादी म्हातारी राहत असेल, आणि दोघींची कधी गाठ पडलेली नसेल. याहून मोठी हानी आम्हांस या विषयात दिसत नाही.

भिंतींचेही असेच झाले आहे. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले आणि गावोगावच्या भिंती रंगू लागल्या. पुलांचे खांब, महामार्गालगतचे कठडे, शाळांची आवारे यांवर चित्रे आली. भकास भिंतीपेक्षा रंगलेली भिंत केव्हाही बरी. परंतु बारकाईने पाहिले तर बहुतेक चित्रे कोणत्याही शहरास चालतील अशी असतात: तेच फ्लेमिंगो, तेच वारली नर्तक, तोच झाडू घेतलेला मुलगा. वारली चित्रे तर पालघर-डहाणूकडच्या आदिवासींच्या लग्नचौकातली. ती येथे नुसती नक्षी होऊन बसतात. उघाडीवर फळी टाकणारा शेतकरी, मिठाच्या राशी, भात झोडण्याचे खळे, धवलारीण, पालखी, यांतले काहीतरी कामोठ्याच्या भिंतीवर असावे, अशी अपेक्षा अवाजवी नव्हे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ पासून तिची महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्या हद्दीत आले. इतक्या जुन्या नगराच्या भिंतींना सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

भिंतींविषयी बोलत आहोत तर आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि ती कामोठ्यापुरती नाही. जिन्यांच्या कोपऱ्यांत आणि सार्वजनिक भिंतींच्या तळाशी देवदेवतांच्या चित्रांच्या फरशा बसवण्याची रीत सर्वत्र पडली आहे. कोणी थुंकू नये, घाण करू नये, एवढाच त्यामागे उद्देश. गणपती, साईबाबा, दत्त यांना आपण रात्रंदिवस थुंकीच्या पहाऱ्यावर उभे केले आहे! आणि सवयीचा गुलाम असलेला मनुष्य फरशी चुकवून तिच्या शेजारीच थुंकतो. ज्या सोसायटीत अशा फरशा असतील, तेथील पदाधिकाऱ्यांनी त्या सन्मानाने काढून घ्याव्या आणि तेथे पाण्याची बादली व झाडणारा माणूस यांची व्यवस्था करावी. देवाचे चित्र हवेच असेल तर ते डोळ्यांच्या उंचीवर, जेथे हात जोडता येतील तेथे असू द्यावे.

आता आमची सूचना. नव्या विभागांत घाटावरची, खान्देशातली, कोकणातली, मराठवाड्यातली कुटुंबे आली आहेत आणि प्रत्येकाने आपापला देव बरोबर आणला आहे. चैत्र पौर्णिमेस कोल्हापूरकराचे मन वाडी रत्नागिरीच्या ज्योतिबाच्या सासनकाठ्यांकडे लागते. आगरी-कोळ्यांचे मन चैत्र शुद्ध सप्तमीस कार्ल्याच्या एकवीरेकडे, तिच्या पालखीकडे धावते. सासनकाठी, गुढी, पालखीची दांडी, सारी वेळूचीच किंवा लाकडाची भावंडे. यांची भेट व्हायला हरकत कोणती? स्वागतयात्रेच्या आयोजकांनी यात्रेचा आरंभ गावदेवीपासून करावा. पहिली ओटी तिची भरावी. यात्रेच्या अग्रभागी ढोलपथकाआधी गावठाणातील ज्येष्ठ स्त्री-पुरुष असावेत, आणि चौकातील रांगोळीच्या मध्यभागी पहिला चौक त्यांच्यापैकी कोणा आजीबाईच्या हातचा असावा. भोवताली मग हवे तेवढे रंग भरा. मंडळातील दोन शिकलेल्या मुलांनी वही घेऊन गावठाणात बसावे आणि कोणत्या विभागाच्या जागी कोणते शेत होते, त्याचे नाव काय, हे विचारून लिहून घ्यावे. पुढल्या पाडव्यास ती नावे रस्त्यावर रांगोळीने लिहिली जावीत.

यावर कोणी म्हणेल, गावकरी आणि वसाहतीतले लोक यांच्यात पाण्यावरून, वाहने लावण्यावरून, वर्गणीवरून कुरबुरी असतात, देवीच्या ओटीने त्या मिटणार आहेत काय? बहुधा नाहीत. पाण्याची तक्रार पाण्यानेच मिटेल. शिवाय गावठाणातल्या मंडळींनाही एक विनंती करणे उचित होईल. दहीहंडी, गणपती, हळद, वाढदिवस या प्रत्येक प्रसंगी रात्री उशिरापर्यंत भिंती हादरवणारा आवाज लावून आपण देवीचा मान वाढवत नाही; शेजारच्या इमारतीत कोणी आजारी असते, कोणाची परीक्षा असते. यजमानपण सांगायचे तर यजमानाचा संयमही आला.

हे लिहीत असता खाडीपलीकडची गोष्ट आठवते. तेथे आता विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावे उठली. घरे उठली तशी देवळेही उठली. कामोठ्याची देवी त्या मानाने भाग्यवान. तिचे गाव जागेवर आहे, फक्त भोवताली नगर वाढले आहे.

आज प्रतिपदा, एकवीरेच्या पालखीची सप्तमी अवघ्या सहा दिवसांवर आहे. मुंबई-पुणे रस्त्याने पायी कार्ल्यास जाणाऱ्या भाविकांच्या पालख्या या दिवसांत पनवेलवरून पुढे जातात. उन्हे तापली आहेत. रस्त्याच्या कडेला पाण्याचा माठ ठेवायला आणि त्यापुढे चार ओळींची पांढरी रांगोळी घालायला कोणत्याही परवानगीची गरज नाही.