ठेवीदारांना कळेल अशा भाषेत सांगा



फेब्रुवारी २०२५मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. बातम्यांत ‘तरलता’, ‘थकीत कर्जे’, ‘पर्यवेक्षणविषयक चिंता’ यांची रेलचेल होती. शाखेबाहेर रांगेत उभ्या असलेल्यांचा प्रश्न साधा होता : पैसे मिळणार का, किती आणि कधी?

पीएमसी या सहकारी बँकेच्या दारातही २०१९मध्ये हाच गोंधळ होता. तिच्या ठेवी सुमारे ११,६०० कोटींच्या, आणि एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे. त्याची थकबाकी झाकण्यासाठी हजारो बनावट कर्जखाती दाखवल्याचे प्रकरण पुढे आले. २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले : सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील! पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. पण मुळात ती घातलीच का, हे समजावण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. बँक ठेवी तिजोरीत ठेवत नाही, कर्जाऊ देते. सगळे एकाच दिवशी आले तर पहिल्या काहींचे भागते, बाकीचे कोरडे राहतात. एवढे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

ठेवींवरील विम्याचीही तीच गत. फेब्रुवारी २०२०मध्ये विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, हे बहुतेकांना माहीत आहे. त्या पाच लाखांत व्याजही धरले जाते, आणि एकाच बँकेच्या चार शाखांत स्वतःच्या नावावर चार ठेवी ठेवल्या तरी त्यांची बेरीज एकच होते, हे मात्र अनेक निवृत्तांना बँक अडकल्यावरच कळते. ठेव विमा कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत ही रक्कम मिळायला हवी. त्याहून मोठ्या ठेवींचे काय होते? पीएमसी जानेवारी २०२२मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा वरच्या रकमेचे हप्ते तब्बल दहा वर्षांपर्यंत लांबले. ज्याची उपचारांची पुंजी त्यात होती, त्याने दहा वर्षे काय करायचे?

पतसंस्थांतील ठेवींना तर हे विमा संरक्षण लागूच नाही. गावोगावी ‘सहकारी’ या पाटीवर विसंबून पैसे ठेवले जातात, म्हणून हा फरक ठळकपणे सांगणे निकडीचे आहे.

निर्बंधांच्या प्रत्येक बातमीखाली आपल्या दैनिकाने एक चौकट छापावी : आज किती काढता येतील, विम्याचे पैसे केव्हा मिळतील, त्यासाठी कोणता कागद भरायचा. आणि ती पहिल्याच दिवशी छापावी.

– एक ठेवीदार, ठाणे