कुत्र्याच्या तोंडातील गाठ : हाकलून देणे हा उपाय नव्हे

तोंडाचा कर्करोग म्हटला की तंबाखू आणि मिश्री डोळ्यांपुढे येते. परंतु तंबाखूला तोंड न लावणाऱ्या कुत्र्यालाही हा रोग होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. नातेपुते परिसरातील वाड्यावस्त्यांवर आणि मेंढ्यांच्या कळपामागे कुत्रा वर्षानुवर्षे राखण करतो. उतारवयात त्याच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, लाळेतून रक्त पडू लागले, की ‘आता म्हातारा झाला’ असे म्हणून त्याला हाकलले जाते. हे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, दात हलणे, गाल किंवा जबडा सुजणे ही या रोगाची लक्षणे होत. मात्र लाळ गळणे व गिळता न येणे ही पिसाळल्याचीही लक्षणे असतात. म्हणून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. तपासणी पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावी.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही. हिरडीवरील काही गाठी शरीरात पसरत नाहीत. त्या जबड्याच्या थोड्या हाडासह काढल्यास कुत्रा बरा होऊ शकतो. याउलट ‘मेलॅनोमा’ हा कर्करोग मानेतील गाठींत व फुफ्फुसांत लवकर पसरतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी छातीचा एक्स-रे काढणे आवश्यक असते. जबड्याचा भाग काढल्यावर कुत्रा उपाशी मरेल, ही भीती अनाठायी आहे. बहुतेक कुत्री मऊ अन्न खाण्यास लवकरच सरावतात.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय नसल्यास फलटण-लोणंद मार्गे शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाठीवर चुना, ॲसिड किंवा डाग देण्याचे अघोरी प्रकार मात्र टाळावेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही परस्पर देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला घातक ठरते.

मोठी शस्त्रक्रिया प्रत्येकाच्या ऐपतीत बसेलच असे नाही, आणि रोग पसरला असेल तर तिचा उपयोगही मर्यादित असतो. अशा वेळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेदना कमी करणारे औषध, मऊ अन्न व स्वच्छ पाणी देणे हेही उपचारच होत. खाणेपिणे बंद होऊन यातना असह्य झाल्या, तर इंजेक्शनने शांत मरण देण्यातही पाप नाही. पाप आहे ते त्याला रस्त्यावर सोडून देण्यात.

वाचकहो, आपल्या कुत्र्याला लहानपणापासून ओठ उचलून दात दाखवण्याची सवय लावा. निरोगी असताना महिन्यातून एकदा पाहिलेले तोंड पुढची मोठी शस्त्रक्रिया टाळू शकते.