शब्दांचे कुंपण

राज्य कोण करतो, या प्रश्नाचे उत्तर सुशिक्षित नागरिकाला तोंडपाठ असते. सरकार राज्य करते, कायदा राज्य करतो आणि लोकशाहीत अखेर मतदार राज्य करतो. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. सरकारचा हुकूम निघण्यापूर्वी आणि कायद्याचे कलम लिहिले जाण्यापूर्वी एक शब्द समाजात रूढ झालेला असतो. माणसांच्या एखाद्या समूहाला काय म्हणावयाचे हे प्रथम ठरते. त्याला कसे वागवावयाचे हे त्या नावावरून आपोआप ठरत जाते. सभांतील भाषणे, कचेऱ्यांतील अहवाल, वृत्तपत्रांचे मथळे आणि दिवाणखान्यांतील गप्पा यांतून जी भाषा घडते, तीच पुढे कोणाच्या दारात मध्यरात्री पोलीस यावयाचा आणि कोणाच्या मुलाला शाळेत मागच्या कोपऱ्यात बसावयाचे, याचा निकाल लावते. हे विधान ज्यांना अतिशयोक्तीचे वाटत असेल, त्यांनी दरवर्षी ३१ ऑगस्टला ‘विमुक्त दिन’ पाळणाऱ्या आपल्याच बांधवांचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

जन्माने गुन्हेगार!

१८७१ साली ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ संमत केला. गुन्हेगार माणूस नव्हे, गुन्हेगार जमात! एखाद्याने काय केले हे पाहून शिक्षा द्यावी, हे जगातील कोणत्याही सुसंस्कृत न्यायाचे पहिले सूत्र. या कायद्याने ते सूत्रच उलटे केले. माणूस कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून त्याला संशयित ठरवावयाचे, अशी ही व्यवस्था होती. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच, असा या कायद्याच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. हुकूम परक्यांचा होता हे खरे. परंतु त्या युक्तिवादाची तुळई आपल्याच जातिव्यवस्थेच्या वाड्यातून काढून नेलेली होती, हे विसरून चालणार नाही.

या कायद्याची रीत सरळ होती. सरकारने राजपत्रात जमातीचे नाव छापले की ती जमात गुन्हेगार ठरली. त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. न्यायालयाला तो प्रश्न विचारावयाचाच अधिकार नव्हता. मग नोंदवही आली, हजेरी आली. ठरलेल्या हद्दीबाहेर जावयाचे तर परवाना हवा, आणि परवान्यावाचून सापडला तर तोच गुन्हा. म्हणजे ज्याने जन्मात कोणाच्या काडीला हात लावला नाही, तोही बहिणीला भेटावयास शेजारच्या गावी गेला की कायद्याने गुन्हेगार! प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करण्यात आला, आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. आईबापांपासून मुलांना तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही त्या कायद्याने सरकारला दिला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली आणि तेथील माणसे गिरण्यांना मजूर म्हणून पुरविली गेली.

ही माणसे मुळात होती तरी कोण? कोणी टोपल्या विणणारे, कोणी दगड फोडणारे, कोणी शिकार करणारे, कोणी खेळ दाखविणारे. बंजाऱ्यांचे तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत होते. फौजा त्यांच्या धान्यावर जगत होत्या. रेल्वे आली आणि तो व्यापार बसला. जंगलांवर सरकारी मालकी आली आणि शिकाऱ्यांचे रान गेले. ज्यांचे उदरनिर्वाहाचे साधन सरकारी धोरणाने हिरावले, त्यांना त्याच सरकारने ‘गुन्हेगार’ हा शब्द बहाल केला. चालत्या माणसाला सारा लावता येत नाही, त्याची गणती करता येत नाही, म्हणून तो राज्यकर्त्याला संशयास्पद वाटतो. त्या संशयाला एक नाव हवे होते. ते सापडले आणि लक्षावधी लोकांचे आयुष्य त्या नावात बंदिस्त झाले.

कायदा मेला, शब्द उरला

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. हे नागरिक त्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. तेव्हापासून त्यांना ‘विमुक्त’ म्हणण्यात येऊ लागले. शब्द चांगला आहे. पण कागदावरचा शब्द बदलला म्हणून ठाण्यातील शब्द बदलला काय?

एक कायदा जात असतानाच राज्याराज्यांतून ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे येत होते. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ सालचा. या कायद्यांत जमातीचे नाव नव्हते, व्यक्तीच्या शिक्षेचा आधार होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि नवी वही उघडताना जुन्या वहीतील नावे हाताशी होती, आणि तपास करणाऱ्यांची नजरही जुनीच होती. म्हणूनच २००० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला हे कायदे रद्द करण्याची शिफारस करावी लागली. त्यांपैकी काही गेले. काही राज्यांत ते आजही जिवंत आहेत. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून तर ‘भटक्या’ आणि ‘गुन्हेगार’ जमातींचे उल्लेख कायदा रद्द झाल्यावर सत्तर वर्षे तसेच राहिले. ते पुसून टाकण्यास ३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाच काढून टाकण्याचा आदेश दिला. एका रकान्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला लेखणी उचलावी लागते, यावरूनच रकान्यात लिहिलेल्या शब्दाची ताकद ध्यानात यावी.

पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शब्दकोश बदलत नाही. सोलापुरातील तारा केव्हाच गेल्या. तो परिसर लोकांच्या तोंडी अजून ‘सेटलमेंट’च आहे. भामटा हे महाराष्ट्रातील एका विमुक्त जमातीचे नाव आहे. शासनाच्या यादीत ते छापलेले आहे आणि त्या नावाने दाखला घेऊन मुले शाळेत जातात. हाच शब्द मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ठकसेनाचा पर्याय म्हणून रोज वापरला जातो. शहरात कोणी कोणाला फसविले की ‘भामट्याने गंडा घातला’ हे ठरलेले वाक्य. ज्या मुलाच्या दाखल्यावर तो शब्द आहे, त्या मुलाने सकाळी वर्गात वृत्तपत्र मोठ्याने वाचावयाचे, तर त्याने काय वाचावे? लक्ष्मण गायकवाड यांच्या ज्या आत्मकथनाला १९८८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचे नावच ‘उचल्या’ आहे. जगाने चिकटविलेला शब्द लेखकाने स्वतःच्या हाताने मुखपृष्ठावर ठेवला आणि वाचकाच्या डोळ्यांना डोळा भिडविला. सुशिक्षितांनी त्या पुस्तकाचे कौतुक केले. पालावरच्या माणसाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्याने किती बदलली, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्याशी विचारावा.

कलावंताचा केला भिकारी

शब्द केवळ हिणवीत नाही. तो हातातील भाकरीही काढून घेतो. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, डोंबारी यांना गावगाड्यात एक जागा होती. पहाटे दारात येणाऱ्या वासुदेवाच्या झोळीत पसाभर धान्य टाकताना कोणत्याही गृहिणीला आपण भीक घालीत आहोत असे वाटले नाही. ते त्याचे दान होते, त्याचा हक्क होता. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने मात्र भीक मागण्याची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे या मिषाने मागितलेलेही त्यात गोवले, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद केली. एका व्याख्येने लोककलावंताचा भिकारी झाला आणि भिकाऱ्याचा कैदी झाला. हाच कायदा दिल्लीत लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. जो कायदा मुंबईच्या विधिमंडळात जन्मला, त्याची अशी चिकित्सा मुंबईला प्रथम सुचू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

आणि दाखल्याची कथा आणखीच विलक्षण. विमुक्त आणि भटक्या जमातींना सवलती मिळाव्यात म्हणून महाराष्ट्र शासनाने यादी केली, आरक्षण ठेवले. हे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. परंतु त्यासाठी वाडवडिलांच्या वास्तव्याचा पुरावा पाहावयाची तारीख २१ नोव्हेंबर १९६१. ज्याला सरकार स्वतःच ‘भटका’ म्हणते, त्याला सरकारनेच विचारावयाचे की त्या दिवशी तुझा आजा कोठे वस्तीला होता! पुढे या अटींत काही सवलती देण्यात आल्या. पण कागद मागणाऱ्या कारकुनापुढे अशिक्षित माणसाला सवलतीचा शासननिर्णय आठवत नाही, फक्त नकार आठवतो. इदाते आयोगाला तर देशातील अडीचशेहून अधिक समाज असे आढळले की, जे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती वा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्याच यादीत नाहीत. एका यादीने ज्यांना गुन्हेगार केले, त्यांना माणूस करणाऱ्या यादीत मात्र जागा सापडू नये!

राईनपाड्याचे रक्त

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा कित्येक दिवस भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरत होती. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीने भिक्षा मागत आली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. मुले पळविणारे तेथे कोणी नव्हतेच. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. राईनपाड्यात चोर मुळी नव्हताच, होता तो फक्त संन्यासी.

या हत्येचा दोष अफवेवर आणि यंत्रावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण अफवा हे बी आहे. ते कोणत्याही जमिनीत रुजत नाही. चांगल्या कपड्यातला, मोटारीतून उतरलेला परका माणूस मुलाशी बोलला असता तर एवढा जमाव क्षणात जमला असता काय? झोळी घेतलेला, ओळख नसलेला, पाल ठोकून राहणारा माणूस म्हणजे धोका, हे समीकरण दीडशे वर्षे भाषेत मुरविले गेले होते. अफवेने त्यात केवळ ठिणगी टाकली.

दोन शब्दकोश

आमच्या मते खरा प्रश्न येथे आहे. आपल्या समाजात चोरीचे दोन शब्दकोश आहेत. भुकेल्याने बाजारातून पिशवी उचलली तर ती चोरी, तो चोरटा, आणि त्याची बिरादरी ती टोळी. बँकेतील ठेवीदारांचे कोट्यवधी रुपये उचलले तर तो गैरव्यवहार, ती अनियमितता, ते थकीत कर्ज. पहिल्याच्या बातमीत जमातीचे नाव हटकून येते. दुसऱ्याची जात कोणी विचारीत नाही, आणि ते योग्यच आहे. मग पहिल्यालाच वेगळा न्याय का? एकाचा गुन्हा त्याच्या एकट्याचा आणि दुसऱ्याचा गुन्हा त्याच्या साऱ्या कुळाचा, हा १८७१ चाच कायदा होय. तो आता राजपत्रात नाही, आपल्या जिभेवर आहे.

यावर कोणी म्हणेल की, शब्दांनी पोट भरत नाही. या लोकांना घरे द्या, शाळा द्या, काम द्या, शब्दांचे नंतर पाहू. कोणी असेही म्हणेल की, या जमातींतील काही जण खरोखरच गुन्हे करीत होते. दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. गुन्हे करणारे कोणत्या समाजात नसतात? ज्याने केला असेल त्याला पुराव्यानिशी शिक्षा करावी. त्याच्या तान्ह्या मुलाला ती वारसा म्हणून देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि घरा-शाळांविषयी म्हणाल, तर घर देणारा घरमालक, बाकावर बसविणारा शिक्षक आणि काम देणारा मुकादम हे तिघेही दार उघडण्यापूर्वी नावच विचारतात. शब्दाचे कुंपण उभे असेपर्यंत योजनेची गाडी त्या दारापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जेथे जेथे सराईत गुन्हेगारांचे कायदे शिल्लक आहेत तेथे ते रद्द व्हावेत. भिक्षा प्रतिबंधक कायद्यातून लोककलावंतांची सुटका व्हावी. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांत आरोपीच्या जमातीचा उल्लेख बंद व्हावा. आणि वृत्तपत्रांनी, कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता, एका समाजाचे नाव शिवी म्हणून छापणे थांबवावे. मराठी भाषा इतकी दरिद्री नाही की, ठकाला ठक म्हणण्यासाठी तिला एका जमातीचा बळी द्यावा लागावा. दाखल्यासाठी पुरावा शोधण्याची जबाबदारी वणवण करणाऱ्या माणसावर न टाकता, ज्या सरकारने त्याच्या पूर्वजांच्या हजेऱ्या घेतल्या त्या सरकारी दप्तरावर टाकावी.

यांपैकी काही कामे विधिमंडळाची आहेत, काही न्यायालयांची. परंतु सर्वांत मोठे काम वाचकांचे आहे. कारण भाषा राजपत्रात जन्मत नाही, ती घराघरांत बोलली जाते. सोलापूरच्या तारा तोडण्यास सरकार लागले. जिभेवरच्या तारा ज्याच्या त्यानेच तोडावयाच्या आहेत.