गावाचे सभागृह लाकडाचे का नको?

सरपंच मंडळी, शेतकरी बंधूंनो, गावाला समाजमंदिर मंजूर झाले की पुढे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. तयार नकाशा येतो. चार पिलर, वर स्लॅब नाहीतर पत्रा. उन्हाळ्यात आत बसवत नाही, भजनाला आवाज घुमतो, कबड्डी खेळावी तर मधोमध खांब. दोन वर्षांत त्याचे गोदाम होते आणि पोरं पुन्हा पारावर.

हेच सभागृह लाकूड आणि बांबूचे बांधा म्हटले, की पहिला प्रश्न येतो, "आणि आग लागली तर?" प्रश्न खोटा नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात 1912 मध्ये खासबागचे कुस्ती मैदान झाले आणि त्याला लागूनच 1915 मध्ये हे नाट्यगृह. खेळ आणि कला शेजारी नांदाव्यात, हा विचार शंभर वर्षांपूर्वीचा. फेब्रुवारी 2021 मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्लीचे बांबू केंद्रही आगीत सापडले. म्हणून लाकूडच नको म्हणणे म्हणजे पाय घसरला म्हणून विहीर बुजवण्यासारखे आहे. विहिरीला कठडा बांधायचा असतो.

तो कठडा कागदावरच बांधावा लागतो. जाड तुळई वरून कोळसा होत मिनिटाला जेमतेम मिलिमीटरभर जळते, आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. बांबू पोकळ, तो झपाट्याने पेटतो. तेव्हा खांब, तुळया जाड लाकडाच्या ठेवा, बांबू छपराला वापरा. वायरिंग लोखंडी नळीतून न्या. बाहेर उघडणारी दोन दारे हवीतच. स्वयंपाकाची चूल वेगळ्या छपराखाली, आणि पाण्याची टाकी हाताशी.

आगीपेक्षा मोठा शत्रू ओल आणि वाळवी. खांब कधीही मातीत पुरू नका, दगडी किंवा सिमेंटच्या उथळ्यावर लोखंडी बूट बसवून उभा करा. जोते दोन फूट उंच, वळचण चार फूट बाहेर. बांबू तीन-चार वर्षांचा पक्व तोडा आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवून घ्या. कोवळा, न मुरवलेला बांबू भुंगा पोखरतो, मग दोष मात्र बांबूला लागतो.

मापही आधी ठरवा. पुरुषांच्या कबड्डीला 13 बाय 10 मीटर मोकळी जागा लागते. व्हॉलीबॉल खेळायचा तर वर 7 मीटर उंची हवी, म्हणजे खर्च वाढणार. कुस्तीचा हौद हवा की मॅट, लेझीम कुठे, नाटकाचा रंगमंच कोणत्या बाजूला, हे गावाने सांगायचे, इंजिनिअरने नव्हे. बिनखांबाचे छप्पर बांबूत होते का? थायलंडमध्ये चिआंग माई येथे एका शाळेने 2017 मध्ये 782 चौरस मीटरचे क्रीडागृह निव्वळ बांबूच्या कमानींवर उभे केले. त्यांचा गाळा 17 मीटरचा आहे.

सरकारी दारही आता बंद नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 पासूनची लाकूडबंदी 2020 मध्ये उठवली. 2017 च्या कायदा दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला. राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबूच्या बांधकामाचे वेगळे प्रकरण आहे, ते इंजिनिअरपुढे ठेवा. सागवान तोडायचे तर मात्र परवानगी घ्यावीच लागेल.

आणि पैसा? सिमेंट-सळईचा पैसा गावाबाहेर जातो. बांधावरची मेस, माणगा आणि गावचा सुतार यांचा पैसा गावातच फिरतो. मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी छपराची तपासणी आणि तेलपाणी करायला माणूस नेमावा लागेल. तेवढी जबाबदारी घ्यायची तयारी नसेल, तर लाकडाच्या वाटेला जाऊ नका.

तेव्हा येत्या ग्रामसभेत तयार नकाशावर अंगठा उठवण्याआधी दोन प्रश्न विचारा. आत काय काय होणार? आणि दरवर्षी छपरावर कोण चढणार? या दोन्हींची उत्तरे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून ठराव पुस्तकात लिहून घ्या, मगच कुदळ मारा.