एकाकी वृद्ध आणि त्यांचे मुके सोबती

मुले परगावी वा परदेशी, जोडीदार कालवश आणि घरात उरलेले एक म्हातारे कुत्रे किंवा मांजर: असे घर आज महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात शोधावे लागत नाही. या सोबतीला ‘हौस’ म्हणण्याचा प्रघात आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेतही हा खर्च चैनीच्या सदरातच पडेल. परंतु ज्याच्याशी दिवसभरात दुसरे कोणी बोलत नाही, त्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठण्याचे निमित्त देणाऱ्या जिवाला चैन कसे म्हणावे?

या सोबतीचे गणित कठोर आहे. कुत्र्याचे आयुष्य साधारणतः १० ते १५ वर्षांचे. निवृत्तीच्या सुमारास घरी आणलेले पिल्लू मालकाने सत्तरी ओलांडेपर्यंत स्वतःच वृद्ध झालेले असते. दोघांचे सांधे एकाच सुमारास धरतात, दोघांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. उत्पन्न जेथल्या तेथे राहते; औषधपाणी मात्र दोघांचेही वाढते. श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेचे साहाय्य २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले, म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यात माणसाचेच भागत नाही, तेथे मुक्या जिवाची काय कथा!

आता कायद्याकडे पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम ११ नुसार, प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला वाजवी कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये. ही रक्कम हास्यास्पद आहेच. पण खरा दोष निराळा आहे. कायदा कर्तव्य सांगतो, ते पार पाडण्याचे साधन कोणी देत नाही. परिणामी, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली की ‘याच्याकडे कोण पाहील?’ या एका चिंतेपायी वृद्ध माणसे स्वतःचे उपचार लांबणीवर टाकतात. कुत्र्याला मागे सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारणाऱ्या युधिष्ठिराला आपण धर्मराज म्हणतो. तीच निष्ठा दाखविणाऱ्या शेजारच्या आजींना मात्र हट्टी ठरवितो.

माणसांनाच औषध मिळत नसताना जनावरांवर सार्वजनिक पैसा का खर्चावा, असा आक्षेप कोणी घेईल. तो उडवून लावण्याजोगा नाही. परंतु येथे दोघांचा खर्च वेगळा काढताच येत नाही. जनावराच्या काळजीने लांबलेले दुखणे अखेर सरकारी रुग्णालयातच येते, आणि तेव्हा ते अधिक महाग पडते.

शिवाय यासाठी नवे खाते उघडण्याचे कारण नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत; परळच्या पशुरुग्णालयासारख्या धर्मादाय संस्थांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. निवृत्तिवेतनधारक वृद्धांना या दवाखान्यांत शुल्कमाफी द्यावी. आठवड्यातून एक दिवस पशुवैद्याने घरी जाऊन तपासणी करावी. मालक रुग्णालयात असेपर्यंत प्राण्याला तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी महापालिकांनी घ्यावी. वृद्धाश्रमांनीही जुन्या सोबत्यासह येणाऱ्यास दार बंद करू नये.

मुक्या जिवाला मत नसते आणि त्याच्या थकलेल्या मालकाला मोर्चा काढता येत नाही. म्हणूनच त्यांच्या वतीने ही मागणी इतरांनी करावयास हवी.